दुरून बोलणे ऐकू येते, चालणे दिसत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिक्षणाचे काम करणाऱ्या एका संस्थेच्या संस्थापकांची भाषणे आणि लेख तुम्ही आठ वर्षे ऐकत-वाचत आला आहात. प्रत्यक्ष बोलणे दोनदाच झाले, तेही कार्यक्रम संपल्यानंतरच्या गर्दीत. आता त्यांच्या संस्थेतून पूर्णवेळ कामासाठी बोलावणे आले आहे आणि पगार सध्याच्या निम्मा आहे. माणूस म्हणून त्यांच्याबद्दल शंकाच नाही, असे तुम्ही लिहिता आणि लांबून माणूस ओळखता येतो का, असेही विचारता.

थोडा ओळखता येतो. तुमच्या निर्णयाला जो भाग लागणार आहे, तो मात्र लांबून जवळजवळ दिसतच नाही. 'बोले तैसा चाले' ही कसोटी आपण सगळेच मानतो, पण दुरून तिचा पहिला शब्दच तपासता येतो. म्हणून 'हा माणूस चांगला आहे का' हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. त्याऐवजी असे विचारा: मी यांना कोणत्या प्रसंगांत पाहिले आहे, आणि मला यांच्याबरोबर कोणत्या प्रसंगांत राहायचे आहे? तुम्ही त्यांना व्यासपीठावर पाहिले आहे. राहायचे आहे ते महिनाअखेरीला, अनुदान अडकलेले असताना, बैठकीत मतभेद झाला असताना, तुमच्या हातून चूक झाली असताना.

मन ही दरी स्वतःच भरून काढते. ते कसे भरते हे कळले की पुढची तपासणी नेमकी करता येते, म्हणून थोडे त्याबद्दल.

एक चांगला गुण दिसला की बाकीचे गुण आपण गृहीत धरतो. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये हे मांडले. लष्करी अधिकारी हाताखालच्यांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे गुण देत, पण ते एकमेकांना चिकटूनच वर-खाली जात. १९७७ मध्ये रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी ११८ विद्यार्थ्यांना एका परदेशी उच्चाराच्या प्राध्यापकाची चित्रफीत दाखवली. प्राध्यापक तोच, पण एका फितीत तो विद्यार्थ्यांशी आपुलकीने बोलत होता आणि दुसरीत तुटकपणे. आपुलकीचा प्राध्यापक पाहिलेल्यांना त्याचे दिसणे, लकबी आणि उच्चारही आवडले. तुटक प्राध्यापक पाहिलेल्यांना त्याच तीन गोष्टी खटकल्या. आणि विचारले तेव्हा या दुसऱ्या गटाने कारण उलटे सांगितले: दिसणे आणि उच्चार आवडले नाहीत, म्हणून माणूस आवडला नाही. प्रभाव आपल्यावर पडतो, आणि तो कुठून पडला हे आपले आपल्याला सांगता येत नाही. 'मी भावनेच्या भरात मत बनवलेले नाही' ही तुमची खात्री म्हणूनच पुरावा म्हणून धरता येत नाही. ती खोटी आहे असे नव्हे, ती आतून तपासता येत नाही.

दुसरी गोष्ट व्यासपीठाची. त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या. चिठ्ठी टाकावी तसे योगायोगाने एकाला प्रश्न विचारणारा केले, दुसऱ्याला उत्तरे देणारा. विचारणाऱ्याने स्वतःला येत असलेल्या विषयांतले दहा अवघड प्रश्न काढायचे. उत्तरे देणाऱ्याला साधारण चारच आली. भूमिका नशिबाने वाटल्या आहेत हे समोर दिसत असूनही प्रेक्षकांनी प्रश्न विचारणाऱ्याला जास्त ज्ञानी ठरवले आणि हरलेल्यानेही तेच म्हटले. भाषण, मुलाखत, सत्कार या सगळ्यांची रचना अशीच असते. विषय वक्त्याचा, वेळ त्याची, किस्सेही त्यानेच निवडलेले. आठ वर्षांत तुम्ही ऐकलेला प्रत्येक प्रसंग, त्यात ते चुकले तो प्रसंगसुद्धा, त्यांनी स्वतः निवडून सांगितलेला आहे.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची आणि पचायला सर्वात जड. प्रामाणिकपणा हा अखंड गुण नसतो. ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या हजारो शाळकरी मुलांना खोटे बोलणे, परीक्षेत फसवणे, चोरणे यांची संधी वेगवेगळ्या प्रसंगांत दिली. एका ठिकाणी प्रामाणिक राहिलेले मूल दुसऱ्या ठिकाणी तसेच राहील, असा अंदाज फारसा बांधता येईना. मोठ्यांमध्ये सवयी घट्ट झालेल्या असतात हे खरे. तरी पैशाला काटेकोर असलेला माणूस श्रेय देताना हात आखडतो, आणि विचारांत निर्भय असलेला माणूस हाताखालच्यांशी कठोर वागतो, हे प्रत्येक क्षेत्रात दिसते. यात ढोंग असायलाच हवे असे नाही.

हे सगळे एका माणसात पाहायचे असेल तर हॅन्सी क्रोनिए यांचे प्रकरण बारकाईने पाहावे. आपल्याकडच्या बहुतेकांना त्यातला 'फिक्सिंग' हा एकच शब्द आठवतो.

क्रोनिए दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाचे कर्णधार. त्यांनी ५३ कसोटींत नेतृत्व केले. शिस्त, कष्ट आणि धार्मिकता यांसाठी त्यांचे नाव होते. माझ्या जागी येशू काय करील, अशा अर्थाची अक्षरे असलेला पट्टा ते मनगटावर घालत. जानेवारी २००० मध्ये सेंच्युरियन येथे इंग्लंडविरुद्धच्या कसोटीचे तीन दिवस पावसात वाहून गेले. क्रोनिए यांनी इंग्लंडच्या कर्णधाराशी बोलून दोन्ही संघांनी एकेक डाव सोडावा असा मार्ग काढला, सामना रंगला आणि इंग्लंड दोन गडी राखून जिंकले. अनिर्णित राहणारा सामना जिवंत केला म्हणून अनेकांनी कौतुक केले. पुढे उघड झाले की सामना निकाली व्हावा यासाठी सट्टेबाजीतल्या एका माणसाने त्यांच्याशी संधान बांधले होते, आणि नंतर त्यांना सुमारे ५० हजार रँड आणि एक चामड्याचे जॅकेट मिळाले. मैदानावर घडलेली कृती प्रेक्षकांना पूर्ण दिसत होती. हेतू दिसत नव्हता, तो प्रेक्षकांनी आपल्या मनातल्या क्रोनिएकडून उसना घेतला.

त्यानंतर भारत दौरा. १९ मार्च २००० रोजी नागपूरच्या एकदिवसीय सामन्याआधी क्रोनिए यांनी हर्शेल गिब्स यांना २० पेक्षा कमी धावा करण्यासाठी, आणि हेन्री विल्यम्स यांना दहा षटकांत ५० पेक्षा जास्त धावा देण्यासाठी प्रत्येकी १५ हजार डॉलर देऊ केले. दोघेही होय म्हणाले. प्रत्यक्षात गिब्स यांनी ५३ चेंडूंत ७४ धावा केल्या आणि विल्यम्स अकरा चेंडू टाकून खांद्याच्या दुखापतीने बाहेर गेले. ७ एप्रिलला दिल्ली पोलिसांनी ध्वनिमुद्रित संभाषणाच्या आधारे आरोप जाहीर केले. क्रोनिए यांनी साफ नाकारले आणि त्यांच्या मंडळाचे प्रमुख अली बाकर यांनी त्यांच्या सचोटीची ग्वाही दिली. ११ एप्रिलच्या पहाटे क्रोनिए यांनी बाकर यांनाच फोन करून आपण पूर्ण खरे बोललो नसल्याचे सांगितले. जूनमध्ये न्यायमूर्ती किंग यांच्या आयोगासमोर सुनावणी झाली आणि ऑक्टोबरमध्ये आजन्म बंदी आली.

तुमच्या निर्णयासाठी यातल्या तीन बारकाव्यांकडे नीट पाहा. पहिला: बंगळूरच्या कसोटीआधी संघातल्या काही प्रस्थापित खेळाडूंपाशी क्रोनिए यांनी हाच विषय थट्टेच्या सुरात काढला, आणि खेळाडूंनी तो थट्टेवारीच नेला. चुकीची मागणी पहिल्यांदा अशीच येते, मागे घेता येईल अशा सुरात. दुसरा: गंभीर प्रस्ताव गेला तो संघातले स्थान ज्यांच्यासाठी नाजूक होते, कर्णधाराला नाही म्हणणे ज्यांना जड होते अशा दोघांकडे. दोघेही वर्णभेदाच्या काळात दडपल्या गेलेल्या समाजातले. माणूस वरच्यांशी आणि बरोबरीच्यांशी कसा वागतो ते जगाला दिसते. खालच्यांशी कसा वागतो ते खालच्यांनाच ठाऊक असते. तिसरा: जवळच्यांना याआधी काहीच दिसले नव्हते असे नाही. डिसेंबर १९९६ मध्ये मुंबईत, मोहिंदर अमरनाथ यांच्या मदतीसाठीच्या सामन्याआधी, सामना हरण्याचा दोन-अडीच लाख डॉलरचा प्रस्ताव क्रोनिए यांनी संघाच्या बैठकीत मांडला होता. संघाने तो नाकारला. कर्णधार असा प्रस्ताव झटकून न टाकता बैठकीत आणतो, ही माहिती एका खोलीभर माणसांकडे होती. जगाकडे मनगटावरचा पट्टा होता.

त्यांची मेहनत खोटी नव्हती. श्रद्धाही खोटी होती असे मानायचे कारण नाही. लोकांनी पाहिले ते खरेच होते. चूक झाली ती त्यावरून न पाहिलेल्याची खात्री धरण्यात.

आता तुमचे काम. पहिले पाऊल घरी, कागदावर. संस्थापकांबद्दल तुम्हाला माहीत असलेली वीस वाक्ये लिहा. प्रत्येकापुढे एक खूण करा: हे त्यांनीच सांगितले, त्यांच्या संस्थेने किंवा चाहत्यांनी सांगितले, मी डोळ्यांनी पाहिले, त्यांच्यावर अवलंबून नसलेल्या माणसाने सांगितले. नंतर ज्या वाक्यांत फक्त विशेषण आहे, घटना नाही, ती खोडा. 'साधे आहेत' खोडा. 'कार्यक्रमानंतर खुर्च्या उचलायला थांबले' ठेवा. आठ वर्षांच्या ओळखीतही शेवटच्या दोन प्रकारांत दोन-तीनच वाक्ये उरतात असा अनुभव बहुतेकांना येतो. उरलेली वाक्ये हीच तुमची खरी माहिती, आणि तपासणी तिथून सुरू करायची.

लांबूनही उपयोगी पडतील अशा काही खुणा आहेत, त्या आधी पाहून घ्या. त्यांची वेगवेगळ्या वर्षांतली चार-पाच भाषणे ओळीने ऐका आणि एकच किस्सा पकडा. तो सांगताना आकडे वाढत जातात का? चाळीस मुले तीन वर्षांत चारशे होतात का? सहकाऱ्यांचे नाव घेतात तेव्हा काम नेमके सांगतात, की 'आमची टीम' एवढ्यावर भागते? आपली पूर्वीची भूमिका चुकली असे जाहीरपणे, कोणी भाग न पाडता, कधी म्हटले आहे का? या खुणा छोट्या आहेत, पण त्या मंचावरूनही लपवणे कठीण असते.

दुसरे पाऊल कागदपत्रांचे. संस्था महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असेल, तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकची आणि गेल्या तीन वर्षांच्या लेखापरीक्षण अहवालांची नक्कल मागता येते. परिशिष्टात विश्वस्तांची नावे आणि संस्थेची मालमत्ता दिसते. विश्वस्तांत एकाच घरातले किती आहेत ते मोजा. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत फेरफार अर्ज द्यावा लागतो. तो मंजूर झाला की नाही यावरून मत बनवू नका, कारण हे अर्ज कार्यालयात वर्षानुवर्षे पडून राहतात. दाखल कधी केला ती तारीख पाहा.

लेखापरीक्षण अहवालात बहुतेक जण जमाखर्चाची बेरीज पाहून थांबतात. खरा मजकूर सोबतच्या प्रश्नावलीत असतो. विश्वस्तांच्या सभा नियमित झाल्या का, इतिवृत्ताची वही ठेवली आहे का, एखादा विश्वस्त संस्थेचा ऋणको (कर्जदार) किंवा धनको (कर्ज देणारा) आहे का, संस्थेच्या गुंतवणुकीत कोणा विश्वस्ताचा हितसंबंध आहे का, बांधकामाला निविदा मागवल्या का, मागच्या वर्षी दाखवलेल्या त्रुटी दुरुस्त झाल्या का. इथे एक काळजी घ्या. छोट्या संस्थेत संस्थापक अडचणीच्या काळात स्वतःचे पैसे घालतात आणि म्हणून धनको म्हणून दिसतात. तो अनेकदा दोष नसून त्याग असतो. रक्कम दरवर्षी वाढते आहे का, त्यावर व्याज घेतले आहे का, त्याचा ठराव आहे का, हे विचारले की फरक कळतो.

संस्थेत वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर भविष्य निर्वाह निधी लागू होतो. निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेच्या नावाने शोधले की कोणत्या महिन्याचा भरणा कोणत्या तारखेला झाला आणि किती जणांचा, ते दिसते. मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेची. एखादा महिना चुकणे समजू शकते. दर वर्षी तेच चार महिने चालढकल असेल, किंवा माहितीपत्रकात साठ कार्यकर्ते आणि भरणा अकरा जणांचा असेल, तर कारण विचारायलाच हवे. मोठी माणसे मोठ्या गोष्टींत व्यग्र असतात, हे उत्तर इथे चालत नाही. हा पैसा ज्यांचा आवाज मंचापर्यंत पोहोचत नाही त्यांचा असतो.

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक आहे. समितीतल्या बाहेरच्या सदस्याचे नाव विचारा. नाव चटकन सांगता आले नाही, किंवा 'आमच्याकडे कुटुंबासारखे वातावरण आहे, गरज पडत नाही' असे उत्तर आले, तर ते नोंदवून ठेवा. न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घ्या, नावाची दोन-तीन वेगवेगळी स्पेलिंग टाकून. खटला असणे म्हणजे दोष नव्हे. पगाराच्या थकबाकीचे एकसारखे तीन खटले, किंवा संस्था सोडून गेलेल्यांवर संस्थेनेच केलेले दावे, यांना मात्र अर्थ असतो.

कागद मिळवताना एक नियम मोडू नका: ज्याची तपासणी चालली आहे त्याच्याच हातून आलेला कागद हा अर्धाच पुरावा. 'सत्यम' या सॉफ्टवेअर कंपनीचे रामलिंग राजू हे हैदराबादचे अत्यंत आदरणीय उद्योजक होते. आंध्र प्रदेशातली १०८ रुग्णवाहिका सेवा त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि तिने खरोखर जीव वाचवले. २००८ मध्ये कंपनीला सुशासनासाठी पुरस्कार मिळाला. ७ जानेवारी २००९ रोजी त्यांनी स्वतःच्या पत्रात कबुली दिली की ताळेबंदात रोख आणि बँकेतली शिल्लक सुमारे ५,०४० कोटी रुपयांनी फुगवलेली आहे. ठेवींच्या बनावट पावत्या तयार होत्या. बँकेला थेट, स्वतंत्रपणे विचारले असते तर त्या टिकल्या नसत्या. कंपनीकडून आलेली पावती पाहून समाधान मानले गेले. रुग्णवाहिका आणि पावत्या एकाच माणसाच्या होत्या, आणि रुग्णवाहिकांनी पावत्यांची हमी दिली नव्हती. ती आपण धरली.

तिसरे पाऊल माणसांशी बोलण्याचे. यात सर्वात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

सहा जण शोधा. गेल्या दोन वर्षांत संस्था सोडलेले दोघे. दीर्घकाळ राहून सोडलेला एक. सध्या काम करणारा, पण हिशेब, वाहन, स्वयंपाकघर यांसारख्या कामातला एक. त्याच क्षेत्रातला, यांच्यावर अवलंबून नसलेला बरोबरीचा एक. आणि मुद्रक, मांडववाले किंवा छायाचित्रकार, म्हणजे ज्याला संस्थेकडून पैसे येणे असते असा एक. संस्थेने सुचवलेली नावे या सहांत धरू नका.

'ते माणूस म्हणून कसे आहेत?' असे विचारले की महाराष्ट्रात एकच उत्तर येते, 'देवमाणूस'. लोक खोटे बोलत नाहीत. प्रश्नच असा असतो की त्याला दुसरे सभ्य उत्तर नाही. घटना विचारा. तुमचे शेवटचे बिल किती दिवसांत मिळाले? बैठकीत त्यांचे म्हणणे कोणी खोडून काढले असे शेवटचे कधी झाले, आणि त्या माणसाकडे पुढच्या महिन्यात कोणते काम होते? तुम्ही सोडतो म्हणालात त्या दिवशी काय झाले? प्रकल्प फसला तेव्हा देणगीदारांना पत्र कोणाच्या सहीने गेले? शेवटचा प्रश्न बोथट वाटतो, पण त्यातून चूक कोणाच्या नावावर पडते ते कळते.

बोलणे फोनवर किंवा समोरासमोर करा, लिखित विचारू नका. लिहून द्यायला कोणी धजत नाही, आणि एका माणसाचे शब्द दुसऱ्याकडे नेण्याचा मोहही लिखितात जास्त असतो. कोणाचे नाव कोणाकडे नेऊ नका. त्यांची तिथली भाकरी तुमच्या कुतूहलापेक्षा मोठी आहे.

ऐकताना चूक दोन्हीकडून होते. दुखावलेला माजी कर्मचारी विशेषणांचा भडिमार करतो आणि ऐकणारा हादरतो. त्याची विशेषणे सोडा, घटना टिपा. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी एकाच प्रकारची घटना सांगितली तर तिचे वजन दहा तक्रारींपेक्षा जास्त. उलट बाजूने, 'ते फार कामात असतात', 'त्यांचा स्वभाव आपल्याला समजून घ्यावा लागतो' अशी वाक्ये तीन वेगवेगळ्या तोंडून शब्दशः तशीच आली, तर ती कुठेतरी शिकवली गेली आहेत असे समजा. लांब शांतता आणि मग 'काम मात्र मोठे आहे हो' हे उत्तरही लिहून ठेवा.

चौथे पाऊल सहवासाचे. नोकरी न सोडता, रजा घेऊन किंवा शनिवार-रविवार धरून सहा ते आठ आठवडे तिथे खरे काम करा. पाहुणा म्हणून राहिलात तर काही दिसणार नाही, म्हणून वेळापत्रक असलेले आणि चुकू शकणारे काम मागून घ्या. त्या काळात चार प्रकारचे दिवस यावेत असे पाहा: महिनाअखेर, मोठा पाहुणा येण्याचा दिवस, काहीतरी बिघडलेला दिवस, आणि बाहेरून टीका झालेला दिवस. एका लहान पण खऱ्या मुद्द्यावर तुमचे वेगळे मत खासगीत सांगा. मुद्दाम रचलेले मत नको, ते ओळखू येते आणि अन्यायाचेही आहे. उत्तर कसे मिळाले यापेक्षा पुढच्या दोन आठवड्यांत तुमच्याशी वागणे बदलले का, ते पाहा. भोवतालची माणसे निर्णयाचे कारण काय देतात ते ऐका. 'हे बरोबर नाही' आणि 'हे त्यांना आवडणार नाही' ही दोन वेगळी ठिकाणे आहेत, आणि दुसरे वाक्य जिथे दिवसात पाच वेळा ऐकू येते तिथे चांगल्या माणसालाही चांगले राहणे अवघड होते. रोज रात्री दोन ओळी लिहा, फक्त घटना.

या काळात स्वतःवरही लक्ष ठेवा. तुम्ही त्यांच्या वतीने खुलासे तयार करू लागलात, बाकीच्यांपेक्षा ते आपल्यालाच जास्त कळले आहेत असे वाटू लागले, 'हे आपल्यातच राहू दे' असे एखादे काम तुमच्याकडे आले आणि त्याचा अभिमान वाटला, तर थांबा आणि पहिल्या दिवसाच्या नोंदी वाचा.

उलटी चूकही तितकीच होते आणि तिच्यामुळे भली माणसे हातची जातात. कार्यक्रमानंतर नमस्कार केला आणि त्यांनी नीट पाहिलेही नाही, म्हणून 'गर्विष्ठ निघाले' असे ठरवणारे पुष्कळ आहेत. त्या क्षणी समोर दीडशे माणसे, परतीची गाडी आणि दिवसभराचा प्रवास असतो. दुसऱ्याच्या वागण्यात आपण स्वभाव पाहतो आणि स्वतःच्या वागण्यात परिस्थिती. लाजाळू आणि ऐकायला कमी येणारी माणसे या घाईला हमखास बळी पडतात. एका भेटीवरून कोणाला चढवू नये, उतरवूही नये.

तपासणीत काही खटकणारे निघाले तर त्याचा स्तर ओळखा. चिडचिडेपणा, विसरभोळेपणा, श्रेय देण्यातला आळस यांच्याबरोबर काम करता येते, कामाची पद्धत ठरवून घेतली तर. पैशात खोट, हाताखालच्यांना भीती, आणि तक्रार करणाऱ्याचा काटा काढण्याची सवय, यांच्याबरोबर येत नाही. इथे 'मी आत जाऊन बदल घडवीन' हा विचार आठ वर्षांच्या भक्तीतून येतो. इतकी वर्षे मानलेला माणूस आपल्या हाताने खाली ठेवणे फार दुखते, म्हणून मन पुराव्यालाच लहान करते. २००४ मध्ये, बंदीनंतर चार वर्षांनी आणि विमान अपघातातल्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, दक्षिण आफ्रिकेतल्या प्रेक्षकांनी थोर देशवासीयांसाठी मत दिले तेव्हा क्रोनिए अकरावे आले. आणि माणूस खाली ठेवलात म्हणून त्यांच्याकडून शिकलेले फेकून द्यायचे कारण नाही. त्यांच्या लेखामुळे तुम्ही मुलांना वेगळ्या रीतीने शिकवू लागला असाल, तर ती रीत आता तुमची आहे. तिची पारख वर्गात होते.

सगळे ठीक निघाले तर जा, आनंदाने जा. नियुक्तिपत्र हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. त्यात पगाराची तारीख, कामाचे स्वरूप, तुमचा वरिष्ठ कोण आणि दोन्ही बाजूंची नोटिशीची मुदत लिहिलेली असावी. निम्म्या पगारावर घर चालते का ते आत्ताच दोन महिने चालवून पाहा, आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, म्हणजे नको वाटले तर बाहेर पडण्याचे बळ तुमच्याकडे राहील. आणि संस्थापकांशी शेवटचे बोलणे होईल तेव्हा त्यांना एकच विचारा: तुमचा कोणता प्रस्ताव विश्वस्तांनी शेवटचा फेटाळला? प्रस्तावाचे नाव, साधारण तारीख आणि तो फेटाळणाऱ्याचे कारण त्यांनी सहज सांगितले, तर त्या कारणाबद्दल ते कोणत्या सुरात बोलतात ते लक्ष देऊन ऐका.